स्पेक्ट्रो रिपोर्टला जे कळत नाही

लोखंड तापलं की रंगातून सांगतं. आधी गडद लाल, मग केशरी, मग पिवळं. लोहाराच्या भात्याशी बसलेलं पोरही घण कधी घालायचा ते त्यावरून ओळखतं. अ‍ॅल्युमिनियम मात्र शेवटपर्यंत काही बोलत नाही. ५४० अंशांच्या भट्टीतून बास्केट बाहेर येते तेव्हा आतले जॉब सकाळी टेम्पोतून उतरवले होते तसेच चंदेरी दिसतात. हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये नव्याने आलेला माणूस कधी ना कधी त्याला हात लावतो, आणि पुढची नोकरीभर हातमोजे विसरत नाही.

गाड्यांचे पत्रे ठोकणारे जुने कारागीर यावर साबणाचा तोडगा काढत. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर साबणाची रेघ ओढायची, गॅसची ज्योत फिरवत राहायचं, रेघ काळपट झाली की थांबायचं. तेवढ्या उष्णतेत पत्रा नरम झालेला असतो. रेघ काळी होऊनही ज्योत हटवली नाही, तर थोड्याच वेळात पत्रा आधी लोंबतो आणि मग भोक पडून खाली गळतो. मध्ये इशारा असा काही मिळत नाही.

भोसरी, चाकणच्या पट्ट्यात या न बोलणाऱ्या धातूवर कित्येक घरं चालतात. इथला नेहमीचा माल म्हणजे एलएम-२५ : सुमारे सात टक्के सिलिकॉन, अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर मॅग्नेशियम, बाकी बहुतेक अ‍ॅल्युमिनियम. ड्रॉइंगवर बहुधा ‘टी-६’ लिहिलेलं असतं. म्हणजे ५४० अंशांच्या आसपास काही तास तापवायचं, झटकन कोमट पाण्यात बुडवायचं, आणि मग १६०-१७० अंशांच्या ओव्हनमध्ये पुन्हा काही तास ठेवायचं, ते एजिंग. वाचायला सोपं आहे. सगळी गोम त्या ‘झटकन’मध्ये आहे. भट्टीचं दार उघडल्यापासून जॉब पाण्याखाली जाईपर्यंतचा वेळ इथे सेकंदांत मोजतात.

एका युनिटमध्ये नेमक्या त्या सेकंदांत लाइट गेली. बास्केट भट्टीतून निघालेली, टाकी समोर, आणि हॉइस्ट मध्येच बंद. लाइट आली तेव्हा काही मिनिटं गेली होती. ऑपरेटरने मुकाट्याने बास्केट बुडवली, पुढचं एजिंगही रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी हार्डनेस घेतली तर जिथे नव्वदच्या वर यायला हवी तिथे सत्तरच्या आसपास.

मग नेहमीचं नाटक सुरू झालं. क्वालिटीवाल्याने तुकडा स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूतले घटक मोजायला, पाठवला. रिपोर्ट चोख आला : सिलिकॉन बरोबर, मॅग्नेशियम बरोबर, लोह मर्यादेत. मालक म्हणाले, “मटेरियल ओके आहे ना? मग तुमचं हार्डनेस मशीनच बिघडलंय. आधी ते कॅलिब्रेट करून आणा.” मशीन उघडायची तयारी झाली. तेवढ्यात कुणीतरी भट्टीचा चार्ट काढला. त्याच्या कडेला रात्रपाळीच्या काकांनी पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘लाइट गेली. बास्केट वर.’

“काका, रात्रीच का नाही सांगितलंत?”

“लिहिलं की साहेब. चार्ट कोण बघतं?”

त्यात माल भंगारात काढण्यासारखं काही नव्हतं. तो पुन्हा ५४० अंशांवर नेला, या वेळी वेळेत बुडवला, एजिंग केलं आणि हार्डनेस जागेवर आली. वीज आणि अख्खी एक पाळी फुकट गेली, एवढंच.

हार्डनेस मशीनवर संशय घेणारे हे मालक पहिले नव्हेत. धातुशास्त्राच्या वर्गात पिढ्यान् पिढ्या सांगितला जाणारा किस्सा १९०६ सालचा आहे, बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्गमधला. आल्फ्रेड विल्म नावाचा संशोधक काडतुसांसाठी पितळेऐवजी चालेल असा हलका मिश्रधातू शोधत होता. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की टणक होतं, मग अ‍ॅल्युमिनियमचंही तसं होतं का बघावं, असा त्याचा साधा हिशेब होता. चार टक्क्यांच्या आसपास तांबं आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम घातलेला तुकडा त्याने ५२० अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवला. सांगतात ते असं, की तो शनिवार होता. मदतनिसाने घाईत हार्डनेस मोजली. फारशी काही नव्हती. सोमवारी येऊन पुन्हा मोजली तर आकडा बराच वर गेलेला. मधल्या वेळात त्या तुकड्याला कुणी हातही लावला नव्हता. साहजिकच आधी उपकरण तपासलं गेलं. उपकरण ठीक होतं.

मला या किस्स्यातला शनिवार-सोमवार तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. सुट्टी नसती तरी आठवड्याभरात कुणाच्या तरी ते लक्षात आलं असतं. मला कौतुक वाटतं ते विल्मच्या पुढच्या चिकाटीचं. मायक्रोस्कोपखाली ताजा तुकडा आणि चार दिवसांचा तुकडा अगदी सारखे दिसत होते. कारण सापडत नव्हतं. तरीही त्याने मोजमाप सोडलं नाही, १९०९ मध्ये पेटंट घेतलं, आणि ड्युरेन गावच्या कारखान्याने तो धातू ‘ड्युरालुमिन’ म्हणून विकायला काढला. पुढे झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे झाले.

कारणाचा अंदाज १९१९ मध्ये अमेरिकेतल्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये पॉल मेरिका आणि सहकाऱ्यांनी बांधला. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, तसं तापलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये तांबं जास्त मावतं. सावकाश थंड केलं तर ते जाड कणांच्या रूपाने बाहेर पडतं, आणि ते कण ताकदीच्या फारशा कामाचे नसतात. झटकन बुडवलं तर तांब्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ते आत अडकतं. मग हळूहळू, दिवसांच्या हिशेबाने, त्याचे अणू जागोजाग गोळा होऊ लागतात. हे पुंजके एकदोन अणूंइतके जाड आणि काही नॅनोमीटर रुंद. साध्या मायक्रोस्कोपला ते कसे दिसणार? पण धातू वाकताना आतले थर एकमेकांवरून घसरायला बघतात, त्या घसरणीला हे पुंजके अडवतात. लाइट गेली त्या रात्री बास्केटमध्ये हेच बिघडलं होतं, फक्त तांब्याच्या जागी मॅग्नेशियम आणि सिलिकॉन होते. पुंजके प्रत्यक्ष आहेत याचा एक्स-रे पुरावा १९३८ मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे दिला. विल्मने तोवर प्रयोगशाळा सोडून शेती धरली होती, आणि १९३७ मध्ये तो वारलाही होता.

खरी गंमत राइट बंधूंच्या इंजिनाची. चार्ली टेलर या त्यांच्या मेकॅनिकने १९०३ मध्ये ते इंजिन सहा आठवड्यांत घडवलं. वजन वाचवायला क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची ओतून घेतली, त्यात आठ टक्के तांबं. फेब्रुवारीतल्या चाचणीत बेअरिंग अडकून ती फुटली, तेव्हा पुन्हा नवी ओतून घ्यावी लागली. १९९४ मध्ये फ्रँक गेल आणि मार्था गुडवे यांनी त्या ऐतिहासिक क्रँककेसचा बारीक तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर आत हेच पुंजके. म्हणजे विल्मच्या तीन वर्षं आधी, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना, हा प्रकार विमानात बसून उडून आला होता.

विमानांच्या कारखान्यात या गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास रिव्हेट मारणाऱ्याला झाला. २०२४ क्रमांकाच्या मिश्रधातूचा रिव्हेट पाण्यातून काढल्या काढल्या नरम असतो, डोकं छान बसतं. पण लगेच तो टणक व्हायला लागतो, आणि तासाभराने मारायला गेलं तर डोक्याला चिरा पडतात. म्हणून हे रिव्हेट बुडवल्याबरोबर फ्रीझरमध्ये जातात. शून्याच्या बऱ्याच खाली अणूंची हालचाल जवळपास थांबते, त्यामुळे टणक होणंही लांबतं. कामगार लागतील तेवढेच मूठभर रिव्हेट काढून नेतो, बाहेर आल्यावर हाताशी वेळ असतो तो पंधरा-वीस मिनिटांचा. गप्पांत वेळ गेला तर उरलेले पुन्हा भट्टीत. चहाच्या सुट्टीचा धातूच्या ताकदीशी इतका थेट संबंध दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असं वाटत नाही.

ताकद वाढवत नेणं हाच या कामाचा हेतू असतो असंही नाही. ७०७५ हा विमानांचा लाडका मिश्रधातू. टी-६ केला की तो जबरदस्त भरतो, पण जाड फोर्जिंगवर सतत ताण असेल आणि हवा दमट असेल, तर त्यात हळूहळू भेगा पडतात. उपाय म्हणून ओव्हनमध्ये मुद्दाम जास्त मुरवायचं, टी-७३ करायचं. ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, भेगा पडायच्या थांबतात. नव्या इंजिनिअरला हे पटवणं फार जड जातं. त्याला आलेखाचं टोक हवं असतं.

आमच्याकडे दमट हवेचा त्रास आधीच, ओतण्यापासूनच सुरू होतो. पावसाळ्यात इंगॉट ओले, परतीचं भंगार ओलं, हत्यारं ओली. पातळ अ‍ॅल्युमिनियम पाण्यातला ऑक्सिजन स्वतः घेतो आणि हायड्रोजन पोटात साठवतो. गोठताना तो हायड्रोजन आत मावत नाही, बारीक पिनहोल सोडून जातो. जुलैत रिजेक्शन वाढलं की फाउंड्रीवाला मोल्डरला शिव्या घालतो. शहाणा असेल तर आधी इंगॉट सुकवतो आणि डीगॅसिंगचा नायट्रोजन बघतो.

पण गॅसचा सर्वात नाटकी प्रयोग पीडीसीचा. प्रेशर डाय कास्टिंगमध्ये धातू साच्यात इतक्या वेगाने घुसतो की आतली हवा बाहेर पडायच्या आत कोंडली जाते. जॉब बाहेरून गुळगुळीत, देखणा. एका ग्राहकाने खर्च वाचवण्यासाठी जीडीसीचा, म्हणजे ग्रॅव्हिटी डाय कास्टिंगचा, एक ब्रॅकेट पीडीसीवर नेला. ड्रॉइंगवरचं टी-६ मात्र कुणी काढलं नाही. पहिला लॉट भट्टीतून निघाला तेव्हा प्रत्येक ब्रॅकेटच्या अंगावर टपोरे फुगे होते. ५०० अंशांच्या वर कोंडलेली हवा फुगली, धातू नरम होता, कातडी उचलली गेली. ग्राहकाचा माणूस तावातावाने म्हणाला, “तुम्ही टेंपरेचर जास्त दिलंत.” चार्ट दाखवला, तो बरोबर होता. मग अर्थातच स्पेक्ट्रो झाला, तोही बरोबर. शेवटी एक फुगा करवतीने कापून टेबलावर ठेवला, आतला पोकळ भाग त्याला दाखवला.

पुढे कितीतरी दिवस मेलामेली चालली. व्हॅक्यूम लावून ओतलं तर पीडीसीलाही टी-६ देता येतं, पण तेवढा खर्च करायची त्यांची तयारी नव्हती. अखेर ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली : टी-६ची ओळ काढलेली, आणि बोल्टच्या भोकाशेजारची रिब दोन मिलिमीटरने जाड केलेली.