उसने की भागीदारी?

इथं तुंगार्लीत अनेकांची मुलं परदेशी. मुलगा तिकडून बंगला सांभाळणाऱ्याला गाडीच्या धंद्यासाठी पैसे पाठवतो. कागद नाही, 'घरचाच माणूस'!

कांटनं 1785 मध्ये खोट्या वचनाचं उदाहरण दिलं : फेडता येणार नाही हे ठाऊक असून कर्ज मागणारा. आपला माणूस बहुधा तसा नसतो. त्याचा धंदा शनिवार-रविवारच्या गर्दीवर, हप्ता मात्र दरमहा. तेव्हा धोका कुणाचा, हे आधी बोला. नफ्यात वाटा हवा तर तोट्यातही बसा, ती भागीदारी. उसने असतील तर 20,000 किंवा जास्त रोख नको, आयकर कायदा आड येतो. परतीची तारीख ठरलेली नसेल, तर दाव्याची मुदत पैसे दिल्यापासून 3 वर्षं. मुदतीत लेखी कबुली घेतली तर ती नव्यानं मोजतात.

ॲरिस्टॉटल लोकांचं मत म्हणून सांगतो, की धनको नसलेलाच बरा असं ऋणकोला वाटतं. त्यात इथं पगार देणारा आणि धनको एकच! कर्जापायी माणसाला कामाला जखडणं 1976 च्या वेठबिगारी कायद्यानं गुन्हा आहे. म्हणून कागदात हेही लिहा : नोकरी सोडली तरी हप्ता तोच राहील.