सुकाणूं आणि पेला

सुटीच्या संध्याकाळीं मित्रमंडळींसह नौकेंतून केलेली सहल म्हणजे निर्भेळ करमणूक, असा सर्वसाधारण समज आहे. मोटार हांकणाऱ्यानें मद्य घेऊं नये, हें बहुतेकांस पटलेलें असतें. नौकेवरचा पेला मात्र त्या करमणुकीचाच भाग मानला जातो. मग एखादे वेळीं अपघात घडतो आणि प्रश्न उभा राहतो : दोष कोणाचा? सुकाणूं ज्याच्या हातीं होतें त्याचा, कीं नौका ज्याची होती त्याचा?

लंडन शहरीं ८ डिसेंबर २०१५ च्या रात्रीं या प्रश्नाचें एक दुःखद उदाहरण घडलें. नव्यानेंच ओळख झालेल्या एका तरुणीस घेऊन एक तरुण आपल्या लहान मोटर-बोटींतून थेम्स नदीवर फिरावयास निघाला. दोघांनींहि मद्य घेतलेलें होतें. वाटेंत त्यानें सुकाणूं तिच्या हातीं दिलें. भरवेगांत असलेली बोट पाण्यांतील एका ओंडक्यावर आदळून उलटली. तो वांचला, ती मरण पावली.

वरवर पाहतां, नौका चालवीत होती ती तरुणीच. परंतु २०१८ सालीं ओल्ड बेली येथील न्यायालयांत ज्यूरीनें त्या तरुणास घोर निष्काळजीपणानें घडलेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविलें व त्यास सहा वर्षांची शिक्षा झाली. बोटीच्या सुकाणूंत दोष होता, प्राणरक्षक जाकिटें कोणाच्याहि अंगावर नव्हतीं, आणि अननुभवी व्यक्तीस अंधारांत बोट चालवावयास दिली होती. सारांश, सुकाणूं दुसऱ्याच्या हातीं देतां येतें. जबाबदारी तशी देतां येत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ब्रिटनच्या २००३ च्या कायद्यानें व्यावसायिक खलाशांच्या मद्यपानास मर्यादा घातली. हौशी नाविकांसाठींहि त्यांत कलम होतें. पण या घटनेच्या वेळीं तें अमलांत आलेलें नव्हतें. तरीहि दोषी सुटला नाहीं. कारण इतरांच्या जिवाची काळजी घेण्याचें कर्तव्य एखाद्या कलमापुरतें मर्यादित नसतें. अमेरिकेचा मार्ग निराळा आहे. तेथील संघीय नियमांप्रमाणें हौशी नाविकाच्या रक्तांत मद्यार्काचें प्रमाण ०.०८ टक्के भरलें, तर अपघात झाला नसला तरी तो गुन्हाच होय. तेथील तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत प्राणघातक नौका-अपघातांच्या ज्ञात कारणांमध्यें मद्य पुनःपुन्हां अग्रभागीं आलेलें आहे.

असें कां व्हावें? ऊन, वारा, यंत्राची घरघर आणि लाटांचे हेलकावे यांनीं मनुष्य आधींच थकतो. मद्य त्या थकव्यांत भर घालतें. नौकेस मोटारीसारखा ब्रेक नसतो. तोल जाऊन पाण्यांत पडलेल्या मद्यपी मनुष्यास पोहणें सुचत नाहीं, आणि थंड पाण्यांत त्याच्या शरीराची ऊब लवकर निघून जाते. म्हणून केवळ चालकानें शुद्धीवर असणें पुरेसें नाहीं. उतारूंच्या पेल्यांतहि धोका असतोच.

नौका किनारा सोडण्यापूर्वीं कोण तांडेल, हें ठरलेलें असावें; आणि जो तांडेल, त्यानें परत किनाऱ्यास लागेपर्यंत पेल्यास स्पर्श करूं नये. न्यायालय दोष ठरवूं शकतें. बुडालेला जीव परत आणणें मात्र त्याच्याहि हातीं नाहीं.