संमतिपत्रातील ‘चाचणी’

‘रक्ताची चाचणी’ व ‘औषधाची चाचणी’ या दोन्ही पदांत षष्ठी एकच. अर्थ मात्र निराळा. पहिलीचा निष्कर्ष त्याच रुग्णाच्या उपयोगी पडतो. दुसरीत कसास लागते ते औषध, आणि तिचे फळ बहुधा पुढील रुग्णांस मिळते. संमतिपत्र वाचताना हा भेद सहज ध्यानी येत नाही. वैद्य आपल्या प्रकृतीस मानवेल तेच औषध निवडील, असे रुग्ण गृहीत धरतो. वस्तुतः ‘यादृच्छिक विभागणी’ असलेल्या चाचणीत ही निवड वैद्याच्या हाती नसतेच. कित्येकदा कोणास औषध मिळाले व कोणास निर्गुण गोळी, हे त्यालाही ठाऊक नसते. ‘यादृच्छिक’ या शब्दाने रुग्णास कोणता बोध व्हावा? ‘चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे’ एवढे म्हटले तरी पुरते.

भारतातील २०१९ च्या नियमांनुसार ही माहिती रुग्णास समजेल अशा, अपारिभाषिक भाषेत देणे बंधनकारक आहे. निरक्षर रुग्णाच्या संमतीप्रसंगी निःपक्षपाती साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार विनामूल्य मिळावयाचे असतात. शिवाय रुग्णास केव्हाही बाहेर पडता येते, व त्यामुळे नेहमीच्या उपचारास तो मुकत नाही. हे कलम ‘सहभाग मागे घेणे’ अशा शब्दांत लिहिण्यापेक्षा ‘मधेच नको म्हणता येईल’ असे लिहिणे अधिक युक्त होय.