रुमाल टाकून धरलेली वीज

कळंबोलीत पाहुणे आले, की आम्ही त्यांना लोखंड बाजार दाखवतो. डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारा कुणी दाखवत नाही. मलाही त्यांची आठवण झाली ती १२ ऑक्टोबर २०२० ला. दादरला लोकलमध्ये होतो. सकाळी दहाच्या सुमारास पंखे थांबले. कळवा-पडघा वाहिनीची एक बाजू दुरुस्तीसाठी बंद, तिचा भार घेणारी दुसरी बिघडली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली.

त्याच वर्षी जुलैत पनवेलजवळ ‘योट्टा’चं भलंमोठं डेटा सेंटर सुरू झालं. ऐरोली, महापे इथंही अशा इमारती आहेत. आपले फोटो, बँकेचे हिशेब अशाच ठिकाणच्या संगणकांत असतात. गिरणीला सुट्टी असते, यांना नाही. रात्री तीनलाही संगणक आणि त्यांना थंड ठेवणारी यंत्रं चालूच. वीज गेली तर त्यांच्याकडे डिझेलची जनित्रं असतात. लोकलकडे नसतात!

अशा ग्राहकाचा अर्ज म्हणजे घरचं मीटर नव्हे. एक वाहिनी पडली तर उरलेल्या हा भार पेलतील का, हे आधी तपासावं लागतं. गंमत म्हणजे मागणी नोंदवतात पुऱ्या इमारतीची, संगणक मात्र भरत जातात वर्षानुवर्षं. तोवर ती क्षमता अडून राहते, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखी. माझं मत विचाराल, तर अनामत भरपूर घ्यावी, आणि ठरल्या मुदतीत वापर सुरू झाला नाही तर रुमाल उचलून मागच्याला बसू द्यावं. नव्या वाहिन्यांचा खर्च कुणाच्या बिलात येणार, तेही तेव्हाच सांगावं.