मोटार जळलेली नाही, जाम झालेली आहे

दिवाळी आटोपली की रत्नागिरीच्या आगरांत शिंपणं सुरू होतं. जूनपासून बंद असलेल्या विहिरीवरच्या पंपाचं बटण दाबलं जातं, मोटार नुसती घुमते आणि पाणी काही येत नाही. लगेच निकाल लागतो, "मोटार जळली." बहुतेक वेळा ती तोवर धडधाकट असते. जळते ती पुढच्या पाच मिनिटांत, आपल्या हातून.

घुमण्याचा आवाज येतो, म्हणजे वीज वायंडिंगपर्यंत पोचते आहे. मेन स्विच बंद करा, मागचं कव्हर काढा आणि पंखा हाताने फिरवून बघा. सहज फिरला तर संशय कपॅसिटरवर घ्यावा; वायंडिंगच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे. हललाच नाही तर आत काहीतरी धरलं आहे.

"चार-पाच वेळा चालू-बंद केलं की झटक्याने सुटेल," हा समज सगळ्यांत महागात पडतो. अडकलेली मोटार नेहमीच्या पाच ते सातपट वीज ओढते. तारेतली उष्णता विजेच्या वर्गाने वाढते, म्हणजे पाचपट विजेला पंचवीसपट उष्णता. वर थंड करणारा पंखाही थांबलेला. तारेवरचं वार्निश अशा वेळी फार काळ तग धरत नाही.

दुसरा समज असा, की मोटार जाम म्हणजे बेअरिंग गेलं. आपल्याकडच्या मोनोब्लॉक पंपात पुष्कळदा बेअरिंग बिचारं निर्दोष असतं. पंप आणि मोटार एकाच शाफ्टवर. पंपाच्या पोटात बिडाचा इंपेलर, त्याच्याभोवती बिडाचंच कवच, आणि दोघांत जेमतेम फट. चार महिने पंप बंद राहतो आणि पोटात थोडं पाणी तसंच साचून असतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे ती फट भरून जाते. इथे तर तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि वर खारा वारा. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून पाऊस उघडला तरी गंज थांबत नाही. तेव्हा मोटार फोडण्याआधी पंपाचं तोंड उघडा. लाल पूड दिसली की दुखणं सापडलं.

उघडताना पहिला अडथळा बोल्टांचा. ॲल्युमिनियमच्या कव्हरात लोखंडी बोल्ट असेल तर खाऱ्या हवेत दोन धातूंमध्ये पांढरी पूड धरते आणि बोल्ट जणू चिकटवल्यासारखा बसतो. पाना लावून एकदम उलटा पिळला की डोकं तुटून हातात येतं. आधी किंचित आवळायचा, मग सोडवायचा. पुन्हा आवळायचा, पुन्हा सोडवायचा. पूड फुटते आणि तेलाला वाट मिळते.

तेल कुठलं? घरात हाताशी असतं खोबरेल. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं; पौषातल्या पहाटे बाटलीत आपण ते पाहतोच. बारीक फटीत शिरायला ते कामाचं नाही. रॉकेल शिरतं खरं, पण मागे वंगण ठेवत नाही, आणि वायंडिंगजवळ ते नकोच. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे अमेरिकेत १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी तयार झाला. त्याच्या नावाचा अर्थच तो, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. गंजाविरुद्ध त्याची मदत होते, पण बेअरिंगचं ग्रीस म्हणून तो चालत नाही. खरं काम गंजात शिरणारं पातळ तेल आणि वेळ करतात. चार थेंब सोडा, लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोका, रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी शाफ्ट केसभर हलतो, आणि तो केसभर हलला की मोटार वाचली, असं मी खुशाल समजतो.

या तीन दिवसांचा धीर नसला की हातोडा निघतो. शाफ्टच्या तोंडावर घाव घातला तर तोंड पसरतं आणि मग बेअरिंग त्यावरून निघतच नाही. घावाने गोळ्यांचे खळगे बेअरिंगच्या कड्यात उमटतात. मोटार सुटली तरी पुढे घरघरत राहते. बीड तर वाकत नाही, सरळ तडकतं. बेअरिंग काढायला पुलर लावा, तोही आतल्या कड्याला धरून.

उष्णतेबद्दलही असंच. "लाल होईस्तोवर तापवा" हे लोहाराच्या भट्टीत ठीक. ६२०४ नंबरच्या बेअरिंगचं भोक २० मिलिमीटर असतं. ८० अंशांनी तापवलं तर ते सुमारे दोन शतांश मिलिमीटर रुंदावतं, आणि नवं बेअरिंग शाफ्टवर सरकायला तेवढं पुरतं. साधं बेअरिंग १२० अंशांच्या वर नेऊ नये, पोलादाचं पाणी उतरतं.

पुरात बुडालेली मोटार भंगारातच जाते, हाही समज. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत, दुकानांत शिरलं, तसं पाणी लागलेली मोटार चालू करून बघणं हाच तिचा शेवट. उघडून गोड्या पाण्याने गाळ धुवा, बेअरिंगं बदला, वायंडिंग मंद उबेत कित्येक तास वाळवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, तपासून घ्या. एक मेगओहमच्या वर रीडिंग आलं आणि टिकलं, तरच वीज द्या.

राहिलं पावसाळ्याचं. पंप प्लॅस्टिकमध्ये करकचून बांधला की सुरक्षित, असं वाटतं. पण त्यात ओल आतच कोंडते. वर पत्रा ठेवा, बाजू मोकळ्या. आणि आठवड्यातून एकदा, पंपात पाणी भरून, पाच मिनिटं चालवा. कोरडा चालवू नका, सील जातं. वीज नसली तर स्विच बंद ठेवून पंख्याला हातानेच दोन-चार फेरे द्या.