बुडबुड्यांचं विरजण

मसाला सोडा घरी करायचा म्हटलं की हात आधी मिसळणाच्या डब्याकडे जातो. जिरं भाजणं, मिरी भरडणं, आलं किसणं यातलं काहीच मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. अडतं ते पाण्यात गॅस भरताना.

खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस ही सोपी वाट. फस्सकन फेस येतो खरा, पण बराचसा गॅस हवेत उडून जातो आणि मागे उरलेल्या सोडियम सायट्रेटमुळे पाणी खारट लागतं. जड जेवणानंतर चालेल, पाहुण्यांपुढे ठेवायला नको.

दुसरी वाट जुनी आहे. 1767 च्या सुमारास इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होते. आंबणाऱ्या पिंपांवर साचणारा कार्बन डायऑक्साइड त्यांनी पाण्यात मुरवला आणि सोडा वॉटर तयार झालं. घरच्या आल्याच्या सोड्यात हाच गॅस बाटलीच्या आत तयार होतो आणि तो तयार करणारं यीस्ट फुकट मिळतं, कारण ते आल्याच्या सालीवरच असतं.

म्हणून आलं सोलायचं नाही, नुसतं धुवायचं. काचेच्या बरणीत उकळून गार केलेलं दोन कप पाणी, चमचाभर किसलेलं आलं आणि चमचाभर साखर घालून वर मलमलचं फडकं बांधायचं. रोज पुन्हा तेवढंच आलं आणि साखर घालून ढवळायचं. तीन ते पाच दिवसांत कडेने बारीक बुडबुडे धरतात, वास आंबूस-गोड होतो आणि कान लावला तर चुरचुर ऐकू येते. झालं विरजण तयार. बुरशी दिसली किंवा वास कुजका आला, तर मात्र हळहळत न बसता सगळं ओतून द्यावं.

आता मसाला. एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम साखर, बोटभर आलं, अर्धा चमचा भाजलेलं जिरं, आठ-दहा मिरे आणि दालचिनीचा तुकडा घालून दहा मिनिटं उकळायचं. साखरेऐवजी गूळही चालतो. रंग गडद येतो आणि चव थोडी काकवीकडे झुकते. काढा पूर्ण गार झाल्यावरच गाळून त्यात दोन लिंबांचा रस आणि अर्धा कप गाळलेलं विरजण मिसळायचं. कोमट काढा चालेल असं वाटतं, पण जास्त उष्णतेने यीस्ट मरतं आणि मग बाटलीत नुसतं सरबत उरतं.

बाटली शीतपेयाची, प्लास्टिकचीच घ्यावी. यामागे साधं गणित आहे. बाजारच्या सोड्याइतका जोर यायला लिटरमागे साधारण 15 ग्रॅम साखर आंबली की पुरे. बाटलीत मात्र 100 ग्रॅम साखर असते. यीस्ट पोट भरलं म्हणून थांबत नाही, गॅस करतच राहतं, आणि काचेची बाटली फुटू शकते. प्लास्टिकची बाटली आधी इशारा देते. वर दोन बोटं जागा सोडून झाकण घट्ट लावायचं आणि दिवसातून दोनदा बाटली दाबून बघायची. दाबली जाईनाशी झाली की लगेच फ्रिजमध्ये. मे महिन्यात मुंबईला एक-दोन दिवस पुरतात, पुण्याच्या थंडीत जास्त लागतात.

फ्रिज आंबणं मंद करतो आणि आणखी एक काम करतो. शून्य अंशाला पाणी जेवढा कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, त्याच्या जेमतेम निम्मा 20 अंशाला धरतं. म्हणून बाटली रात्रभर थंड झाल्यावरच, झाकण हळूहळू सैल करत उघडावी, तीही मोरीत.

पादेलोण बाटलीत नको, ग्लासातच. गाडीवर सोड्यात मसाला पडताच फेस उसळतो, कारण मिठाच्या खडबडीत कणांवर गॅसचे बुडबुडे पटापट जमतात. चिमूट ग्लासाच्या तळाशी ठेवून सोडा कडेने ओतला तर फेस आवरता येतो.

साखर आंबली की गॅसबरोबर अल्कोहोलही होतं. 15 ग्रॅमच्या हिशेबाने सुमारे 1 टक्का आणि बाटली बाहेर राहिली तर त्याहून जास्त. मुलांसाठी आणि अल्कोहोल न घेणाऱ्यांसाठी हाच काढा कमी पाण्यात दाट करावा आणि विकतच्या थंडगार सोड्यात घालून द्यावा.