ग्रामपंचायतीचे वर्ष आणि आपला वाटा

मार्च महिना लागला की अजिंठ्यासारख्या गावात वसुलीची घाई सुरू होते. घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी यांच्या मागणीची बिले दारोदार पोहोचतात. घरातली माउली पत्र्याच्या पेटीतून मागच्या वर्षीची पावती काढते, रोजंदारीवरून आलेला घरधनी पैसे मोजून देतो आणि नवी पावती पुन्हा त्याच पेटीत जाते. आपल्यापैकी पुष्कळांचा ग्रामपंचायतीशी असलेला संबंध त्या पावतीबरोबरच पेटीत बंद होतो. तो पुढच्या मार्चपर्यंत उघडत नाही.

आम्ही कारकुनाची नोकरी करतो. वाणिज्य शाखेत शिकलो म्हणून जमेच्या बाजूला आकडा दिसला की खर्चाची बाजू पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. आपण कर भरतो ती झाली जमा. मग खर्च कुठे होतो? आपल्या वस्तीत किती होतो? तो ठरवतो कोण? या प्रश्नांची उत्तरे कायद्यात आहेत, ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहेत. ती विचारणारा माणूस मात्र सभेला नसतो.

अजिंठ्याचे नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे. लेणी खरी तर घाट उतरल्यावर, फर्दापूरच्या बाजूला, सोयगाव तालुक्यात. गाव मात्र घाटाच्या वर, सिल्लोड तालुक्यात. देशोदेशीचे प्रवासी १९८३ साली जागतिक वारसा ठरलेली ही लेणी पाहायला येतात आणि गावावरून मोटारी निघून जातात. त्या लेण्यांत दान देणाऱ्यांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागाचे दान कोणी दिले, सोळावे लेणे कोणत्या मंत्र्याने खोदवले, हे आजही वाचता येते. कोणी काय दिले ते सर्वांना दिसेल असे भिंतीवर लिहिण्याची ही रीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. मग आपल्या घामाच्या पैशाचा हिशेब आपल्याला दिसू नये, असे कसे चालेल?

वर्ष कसे चालते

ग्रामपंचायतीचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. म्हणजे आपण भीमजयंतीच्या तयारीत असतो तेव्हाच गावाचे नवे आर्थिक वर्ष उघडलेले असते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे येणाऱ्या वर्षाचा अंदाजपत्रकी जमाखर्च आधीच तयार व्हावा लागतो. शिवाय २०१५ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली गावाचा विकास आराखडा होतो. कोणता रस्ता, कोणती गटार, कोणती पाण्याची टाकी, ते त्या आराखड्यात बसते. जे काम आराखड्यात नाही, त्याला पुढे पैसा मिळणे अवघड. आपण मात्र आराखडा संपल्यावर, गटार तुंबल्यावर अर्ज घेऊन जातो.

पैसा दोन वाटांनी येतो. पहिली वाट गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाची, म्हणजे कर, बाजाराची वसुली, गाळ्यांचे भाडे वगैरे. दुसरी वाट सरकारी अनुदानाची. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी जो पैसा गावांना दिला, त्यातील ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता. उरलेले ४० टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चायचे होते. म्हणून 'पाण्यासाठी पैसा नाही' हे उत्तर ऐकले की लगेच मान डोलावून परत फिरू नये. कोणत्या निधीत किती आले आणि किती उरले, हे नम्रपणे पण नेटाने विचारावे.

पंधरा टक्क्यांची गोष्ट

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च केली पाहिजे. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न १० लाख रुपये आहे. तर दीड लाख मागासवर्गीयांसाठी, एक लाख महिला-बालकांसाठी आणि पन्नास हजार दिव्यांगांसाठी झाले. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो नियम आहे. पण याची दुसरी बाजूही पाहा. गावाचे उत्पन्नच घटले, घरपट्टी थकली, तर हे १५ टक्केही घटतात. म्हणून कर वेळेवर भरावा आणि हिशेबही वेळेवर मागावा. कर थकवणाऱ्याचा आवाज सभेत खाली येतो.

याखेरीज अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची जुनी योजना आहे. पूर्वी तिला दलित वस्ती सुधार योजना म्हणत. तिचा निधी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण खात्याकडून येतो आणि वस्तीच्या लोकसंख्येवर रक्कम ठरते. म्हणून वस्तीची लोकसंख्या कागदावर बरोबर आहे की नाही, हेही आपणच तपासायचे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातीवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. नाव बदलले ही आनंदाची गोष्ट आहे. पण नव्या नावाची पाटी लागली आणि तिच्याखालची गटार तशीच राहिली, तर आनंद अर्धाच म्हणायचा.

तालुक्यातील एका गावच्या सभेला आम्ही एकदा पाहुणे म्हणून बसलो होतो. हिशेबाचे वाचन चालले होते. मागासवर्गीय निधीतून पथदिवे बसवल्याची नोंद वाचली गेली. मागे बायकांच्या घोळक्यात एक मजूर बाई बसली होती. ती उठून म्हणाली, "भाऊसाहेब, कागदावर दिवे लागले म्हणता, मग आमच्या पोरी शिकवणीहून अंधारात का येतात?" सभा गप्प झाली. चौकशी केल्यावर दिवे दुसऱ्याच रस्त्याला लागल्याचे निघाले. महिन्याच्या आत वस्तीत चार दिवे आले. त्या बाईला सही करता येत नव्हती. तिने कोणताही कायदा वाचला नव्हता. तिने फक्त कागद आणि गल्ली यांची गाठ घालून दाखवली.

ठराव असून चालत नाही

ही गाठ घालणे आपल्या चळवळीला नवे नाही. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. ठराव दप्तरात होता, पाणी तळ्यात होते आणि आपला समाज तहानलेला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. आज ग्रामपंचायतीच्या ठरावबुकात आपल्या नावाने किती ठराव पडून असतील, याचा विचार प्रत्येकाने करावा.

बाबासाहेबांचा गावगाड्यावर भाबडा विश्वास नव्हता. १९३२ साली ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी जातीने ग्रासलेल्या गावाच्या हाती सत्ता देण्याचा धोका दाखवला आणि दलित वर्गासाठी राखीव जागा मागितल्या. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये घटना समितीतही त्यांनी गावाची स्तुती करणाऱ्यांना परखड उत्तर दिले. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामपंचायतीत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा देणे देशभर बंधनकारक झाले. सरपंचपदालाही आरक्षण आले. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या झाल्या. खुर्ची मिळाली, हे खरे. पण खुर्चीवर बसलेल्या आपल्या भगिनीच्या मागे वस्ती उभी नसेल, तर तिच्या सहीचा शिक्का होतो आणि कारभार दुसराच कोणी करतो.

शंभर माणसांचा हिशेब

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे त्यांचे रुळलेले दिवस. सभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते. सभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. गणपूर्तीसाठी गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढी माणसे आली नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट राहत नाही. मग हातावर मोजण्याइतकी माणसे साऱ्या गावाचे ठरवतात.

आता साधा हिशेब करा. वस्तीत ४० घरे आहेत. प्रत्येक घरातून नवरा-बायको आली तर ८० माणसे झाली. शंभरापैकी ऐंशी! एवढी ताकद आपल्या हाती असून आपण ती घरी झोपवून ठेवतो. रोज बुडतो, हे आम्हाला मान्य आहे. हातावर पोट असणाऱ्याला एक दिवसाची मजुरी जड जाते. पण चारही रूढ दिवस सुटीचे आहेत. वर्षातले चार दिवस, तेही अर्धे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात घटना समितीला आठवण करून दिली होती की ठराव मांडणे, गणपूर्ती, शलाकांनी गुप्त मतदान हे सारे नियम बौद्ध भिक्षुसंघाला माहीत होते. अजिंठ्याच्या विहारांत राहिलेल्या भिक्षूंचा संघही त्याच विनयाने चालत असे. गणपूर्ती हा शब्द आपल्याला परका नाही. तो आपल्या घरातलाच आहे.

घरातले कागद

आता थोडे माता-भगिनींसाठी. आमच्या ओळखीच्या एक ताई शेजारच्या गावात राहतात. यजमान वारले. पदरात दोन मुले. रमाई आवास योजनेतून घरकुलाची आशा होती. कागद मागितले तेव्हा कळले, घराची नोंद अजून मयत सासऱ्यांच्याच नावावर. दोन्ही दिरांची संमती, मृत्यूचे दाखले, वारसांची नोंद यांत दोन पावसाळे गेले. गळत्या पत्र्याखाली मुलांची दप्तरे भिजली. शेवटी नोंद झाली, पुढच्या यादीत नाव आले, घरही उभे राहिले. पण दोन वर्षे गेली ती गेलीच. सासरे वारले तेव्हाच एक अर्ज दिला असता तर हा त्रास टळला असता.

म्हणून आपल्या घराचा नमुना नंबर ८ चा उतारा आजच काढून पाहा. तो मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. पण घरकुलापासून विजेच्या मीटरपर्यंत पहिल्यांदा मागतात तो हाच कागद. त्यावर पती-पत्नी दोघांची नावे लागू शकतात. ती लावून घ्या. जन्म आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. विवाह बौद्ध पद्धतीने थाटात होतो, भन्ते किंवा बौद्धाचार्य येतात, पण नोंदणी राहून जाते. १९९८ च्या कायद्याने ती गावातच, पूर्वी ज्यांना ग्रामसेवक म्हणत आणि आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे करता येते. लग्नाच्या खर्चापुढे तिचा खर्च काहीच नाही.

मुलांनाही यात घ्या. २०२० पासून ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणत्याही ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशाचा खर्च पाहता येतो. दहावीतला मुलगा मोबाईलवर तासन्‌तास काय पाहतो, अशी तक्रार घरोघर आहे. त्याला सांगा, बाळा, आज आपल्या गावाचा हिशेब वाचून दाखव. आजी-आजोबा ऐकतील, आई प्रश्न विचारेल, आणि जे कागदावर आहे ते गल्लीत आहे का, हे बाप पाहून येईल. घरातली ही छोटी ग्रामसभा मोठ्या ग्रामसभेची तालीमच होय.

बंधू-भगिनींनो, ग्रामपंचायतीत बसलेली सगळीच माणसे वाईट नसतात. पुष्कळ सरपंच, सदस्य, शिपाई निष्ठेने काम करतात. पण न विचारणाऱ्याचे काम शेवटी होते, ही जगाची रीत आहे. येत्या मार्चमध्ये कर भरून पावती पेटीत ठेवताना तिच्याजवळ एक कोरी वही ठेवा. वस्तीला काय हवे ते तिच्यात लिहा. मेच्या पहिल्या तारखेला ती वही घेऊन शेजाऱ्याला हाक मारा आणि दोघे मिळून सभेला चला. पुढच्या मार्चमध्ये त्या वहीतील किती ओळींवर बरोबरची खूण झाली, ते मोजा. आपल्या वस्तीचे वार्षिक अंदाजपत्रक ते हेच.

जयभीम!